थंडीतला फील्ड कॅम्प : जॅकेटच्या आधी चटईचा विचार करा

दिवाळी झाली की विद्यापीठात फील्डवर्कचे बेत सुरू होतात. भूशास्त्रवाले घाटात जातात, वनस्पतिशास्त्रवाले गौताळ्यात नाहीतर म्हैसमाळच्या पठारावर, पक्ष्यांवर काम करणारे जायकवाडीच्या काठावर, आणि आमच्या भौतिकशास्त्रातले काही हौशी मंडळी दुर्बीण घेऊन शहराच्या उजेडापासून लांब कुठंतरी. गेले दोन-तीन हिवाळे मला ज्युनिअर्सकडून एकच प्रश्न येतोय : "ताई, रात्री तंबूत राहायचंय, कोणतं जॅकेट घेऊ?"

हा प्रश्न मला चुकीच्या टोकापासून सुरू झालेला वाटतो. पदार्थातून उष्णता किती वेगानं जाते हे मोजणं माझं रोजचं काम आहे, त्यामुळे कुणी जॅकेटबद्दल विचारलं की मी उलट तीन गोष्टी विचारते. तिथं तुम्ही बसणार आहात, चालणार आहात की झोपणार आहात? अंग ओलं होण्याची शक्यता किती? आणि पाठीखाली काय असणार आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की जॅकेटचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. ती नसतील तर कितीही जाड जॅकेट घेतलं तरी पहाटे तीनला कुडकुडत उठायची वेळ येते.

आधी मूळ मुद्दा. कपडे ऊब देत नाहीत. ऊब तुमचं शरीर तयार करतं, कपडे ती बाहेर जायचा वेग कमी करतात, बस. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता तयार करतो, म्हणजे जुन्या काळच्या एका पिवळ्या बल्बइतकी. पाठीवर सामान घेऊन चढ चढताना हाच आकडा ३०० ते ४०० वॉटवर जातो. गाढ झोपेत तो ७०-७५ वर उतरतो. म्हणजे एकाच दिवसात, एकाच माणसाची शेगडी चौपट-पाचपट लहान-मोठी होते. मग एकच जॅकेट दिवसभर पुरेल कसं?

हे मोजायला एक छान एकक आहे, क्लो. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी ते मांडलं. साधारण २१ अंश तापमानाच्या, वारा नसलेल्या खोलीत निवांत बसलेल्या माणसाला आरामदायी वाटण्यासाठी जेवढा कपड्यांचा रोध लागतो तो १ क्लो. त्या काळचा साहेबी सूट डोळ्यांसमोर आणा. एसआय एककात हा रोध ०.१५५ होतो, म्हणजे चौरस मीटर गुणिले केल्विन भागिले वॉट.

आता आपल्याकडचं गणित करू. डिसेंबरातली रात्र, हवा १० अंश, वारा नाही. त्वचेचं तापमान ३३ अंश धरा, शरीराचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. शरीराच्या उष्णतेपैकी साधारण पाव हिस्सा श्वासातून आणि त्वचेवरच्या बाष्पीभवनातून जातो, उरलेला कपड्यांमधून. तुम्ही दुर्बिणीपाशी बसून असाल तर एकूण ३.६ क्लो रोध लागतो. त्यातला ०.७ अंगाभोवतीची स्थिर हवाच देते, म्हणजे कपड्यांनी द्यायचे उरले २.९ क्लो. यासाठी जाड पॅडेड जॅकेट, आत फ्लीस, खाली थर्मल पँट, कानटोपी, मोजे असं सगळं लागतं. आता त्याच हवेत तुम्ही सामान घेऊन चालत असाल आणि ३०० वॉट तयार करत असाल, तर कपड्यांकडून जेमतेम अर्धा क्लो पुरतो. साधी पँट आणि पातळ शर्ट! आणि झोपलात, पहाटे हवा ५ अंशांवर आली, तर अंगाभोवतीच्या सगळ्याचा मिळून रोध ६ क्लोच्या जवळ जायला हवा.

ही तीन उत्तरं शेजारी ठेवा : अर्धा, २.९, आणि ६. थंडीतल्या कॅम्पची सगळी तयारी या तीन आकड्यांमधल्या अंतराची आहे. म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या, असं सगळे ट्रेकर सांगतात. अर्धा जाड कपडा काढून ठेवता येत नाही, तीनातला एक थर मात्र काढता येतो.

आता ओलेपणाकडे येते, कारण खरा घात इथं होतो.

स्थिर हवेची औष्णिक वाहकता ०.०२५ च्या आसपास असते, पाण्याची ०.६. म्हणजे पाणी हवेपेक्षा २४ पट वेगानं उष्णता नेतं. कपड्यातली ऊब धाग्यांमध्ये नसते, धाग्यांच्या मधे अडकलेल्या हवेत असते. त्या जागी घाम किंवा दव शिरलं की तुम्ही एवढ्या पैशांनी विकत घेतलेला रोध गेला. वर बाष्पीभवन आहेच. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल लागतात. चढून आल्यावर कॉटनच्या टी-शर्टात २०० ग्रॅम घाम मुरला असेल (हे फार नाही, एक ग्लास पाणी) तर तो वाळायला ४८० किलोज्यूल लागतात. बसलेल्या शरीराची ही ८० मिनिटांची संपूर्ण कमाई आहे, आणि टी-शर्ट अंगावरच वाळवायचा म्हटलं तर त्यातला मोठा वाटा तुमच्याच अंगातून जाणार.

म्हणून अंगालगतचा थर कॉटनचा नको. एरवी आपल्या मराठवाड्याच्या उन्हात कॉटनसारखं सुख नाही, पण ज्या गुणामुळे ते मे महिन्यात गारवा देतं तोच गुण डिसेंबरात नडतो. मानक स्थितीत, म्हणजे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला, लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओलावा धाग्यात धरते, कापूस ८ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. इथं कुणीही विचारेल, मग लोकर जास्त ओली नाही का? नाही. लोकर वाफ धाग्याच्या आत घेते, आणि तिचा धागा मुळात कुरळा असल्यामुळे दमट झाली तरी फुगलेली राहते, हवेचे कप्पे टिकतात. भिजलेला कापूस मात्र चपटा होऊन अंगाला चिकटतो. पॉलिएस्टर पाणी आत घेतच नाही, त्यामुळे लवकर वाळतं. क्रिकेटची किंवा फुटबॉलची स्वस्त जर्सी घरात असेलच, ती अंगालगतचा थर म्हणून उत्तम. त्याला येणारा वास हा वेगळा विषय आहे, तंबूतल्या जोडीदाराशी आधी बोलून घ्या.

मधल्या थरासाठी महागडं फ्लीसच पाहिजे असं काही नाही. हिवाळ्यात शहरात स्वेटरची तात्पुरती दुकानं लागतात, तिथले बहुतेक स्वेटर अॅक्रिलिकचे असतात. ते पाणी कमी धरतात, हवा चांगली अडकवतात. फक्त विणीतून वारा आरपार जातो, म्हणून वर वारा अडवणारा पातळ थर हवा. विंडचीटर किंवा साधा रेनकोटसुद्धा चालतो. मात्र रेनकोट घालून चढ चढू नका, आतून भिजाल.

आणि चालताना पाळायचा एक नियम. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. आरामदायी ऊब घेऊन चालायला सुरुवात केलीत तर दहाव्या मिनिटाला घाम येणार. उलट थांबलात की थंडी वाजायची वाट न पाहता लगेच थर चढवा, कारण तेव्हा अंगात जमलेली उष्णता असते आणि ती धरून ठेवायची असते. कॅम्पवर पोचल्यावर पहिलं काम चहा नाही. पहिलं काम अंगालगतचा दमट कपडा बदलणं. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले, आणि काहीही झालं तरी ते दिवसा घालायचे नाहीत. या एका जोडीत माझ्या मते अर्धी तयारी आहे.

लोकरीचा विषय निघालाच आहे तर घोंगडीबद्दल बोललं पाहिजे. कॅम्पिंगच्या दुकानात ती मिळत नाही, म्हणून तिला कुणी गिअर म्हणत नाही. पण मेंढरांमागं महिनोन्महिने उघड्यावर राहणाऱ्या धनगरांनी पिढ्यानपिढ्या वापरून पारखलेली ही वस्तू आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, सणगर कारागीर तिची घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. ती अंथरता येते, पांघरता येते, खोळ करून डोक्यावरून घेतली तर वारा आणि पावसाची भुरभुर दोन्ही अडतात. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर दमट झाल्यावरही बराचसा रोध टिकवणारा, ठिणगीनं प्लास्टिकसारखा न वितळणारा, दाबला तरी थोडा फुगलेला राहणारा थर. दोष दोन : टोचते, आणि वजनाला भारी. गाडीनं जाऊन जिथं उतरणार तिथंच मुक्काम असेल तर घोंगडी नक्की न्या. पाठीवर वाहून न्यायची असेल तर नको. गोधडीचं उलट आहे. कोरडी असेपर्यंत तिच्याइतकं मायेचं काही नाही, पण ती जुन्या सुती साड्या-धोतरांचे थर शिवून केलेली असते. दवात भिजली की एक तर वाळत नाही, आणि उचलवतही नाही.

वाऱ्याबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना अनुभवानं माहीत आहे. आमच्या बजाजनगरमध्ये पहाटे पहिल्या पाळीला दुचाकीवर निघालेली माणसं पाहा. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, वर मफलर, कुणी तर जॅकेट उलटं घालून पाठीकडून चेन लावलेलं, म्हणजे छातीवर फट नको. हे लोक विंड चिलवर प्रबंध लिहीत नाहीत, पण त्यांना तो कळलेला आहे. या विषयावरचं सुरुवातीचं प्रसिद्ध काम पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर केलं. पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा नळा वाऱ्यात टांगून पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं, एवढाच प्रयोग. १९४५ मध्ये तो छापून आला. पुढं २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं सूत्र बदललं, कारण नळा म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे. नव्या सूत्रात घालून पाहिलं तर हवा ५ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असताना उघड्या त्वचेला शून्य अंशासारखं वाटतं. हवा उणे १० असेल तर तोच वारा उणे २० सारखा. लक्षात घ्या, हा आकडा उघड्या त्वचेसाठी आहे. वारा अडवणारा थर घातला की वाऱ्याचा बराचसा जोर संपतो, म्हणून तो पातळ असला तरी चालतो.

आता शीर्षकातली चटई.

तंबूत झोपलात की तुमच्या वजनानं स्लीपिंग बॅगचा खालचा भाग चपटा होतो. त्यातली हवा निघून जाते, म्हणजे रोधही जातो. वरून तुम्ही कितीही फुगीर बॅगेत असा, पाठ जवळजवळ उघडी जमिनीवर टेकलेली असते. पाठ, खांदे, कुल्हे मिळून जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर धरू. जमीन ५ अंशांवर, त्वचा ३३ वर. घरातली ६ मिलिमीटरची योगा मॅट घेतलीत, तिच्या फोमची वाहकता ०.०४ धरली, तर रोध येतो ०.१५ आणि जमिनीत जाणारी उष्णता ७५ वॉट. आठवतंय ना, झोपलेलं शरीर एकूण किती तयार करतं? ७० ते ७५. म्हणजे सगळीच्या सगळी कमाई जमिनीला.

हे गणित थोडं कडक आहे हे मान्य. अंगातले कपडे आणि बॅगेचा चपटा थरही थोडा रोध देतात, खालची मातीही हळूहळू थोडी कोमट होते. पण दिशा बरोबर आहे, आणि उपायही यातच दिसतो. रोध एकावर एक ठेवले की त्यांची बेरीज होते. दोन योगा मॅट एकावर एक टाकल्या की ७५ चे ३७ वॉट. कॅम्पिंगच्या चटयांवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, तिला ५.७ नं भागलं की आपल्या एसआय एककातला रोध मिळतो. आर-व्हॅल्यू २ ची चटई असेल तर त्याच हिशोबानं ३२ वॉट, ४ ची असेल तर १६. खरेदीला मोजकेच पैसे असतील तर आधी चटईवर खर्च करा, मग बॅगेवर, जॅकेट शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमानं जातात, कारण जॅकेट फोटोत दिसतं.

शेतात राखणीला जाणाऱ्या माणसाला हे न शिकवता येतं. तो आधी खाली कडबा नाहीतर वाळलेलं गवत पसरतो आणि मग त्यावर अंथरूण घालतो. दाबून ५ सेंटिमीटर राहिलेला कोरडा पेंढा हा फोमच्या चांगल्या चटईच्या तोडीचा असतो, कारण त्यात नुसती हवा आहे. ऊसतोडीला गेलेली आपल्याकडची हजारो कुटुंबं ऐन थंडीचे महिने पाचटाच्या कोपीत काढतात. आपण दोन रात्रींसाठी जाऊन ज्याला कॅम्पिंग म्हणतो, ते त्यांचं घर असतं. त्यांच्याकडे पाहून तंत्र शिकावं हे खरं, पण ते तंत्र हौसेतून आलेलं नाही याची जाणीवही असू द्या.

बाजेबद्दल एक सावधगिरी. बाजेवर झोपलं की जमिनीचा गारठा लागत नाही असं वाटतं. जमीन सुटते हे खरं, पण खालून वारा वाहायला लागतो आणि तुमच्या वजनानं चपटं झालेलं अंथरूण त्याच्या तोंडावर येतं. बाजेवरही चटई लागतेच.

जागा निवडणं हीसुद्धा तयारीच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात, आणि त्याच बातमीत शहराचं तापमान शून्याच्या बरंच वर दिलेलं असतं. चूक कुणाचीच नाही. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून काही फूट वर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. गवताचं पातं मात्र उघड्या आकाशाखाली असतं. निरभ्र, कोरड्या रात्री आकाश उष्णता घेण्याच्या दृष्टीनं हवेपेक्षा १५-२० अंशांनी थंड असल्यासारखं वागतं, आणि पातं आपली उष्णता त्याला देत राहतं. शिवाय थंड हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. म्हणून ऐन दरीत किंवा तळ्याच्या काठाला तंबू लावू नका. उतारावर थोडं वर, झाडाच्या छत्राखाली लावा, अर्थात वाळलेली फांदी डोक्यावर नाही ना हे बघून. दवही तिथं कमी पडतं. आकाश निरीक्षणवाल्यांना हे चालणार नाही, त्यांना उघडं आकाशच हवं. त्यांनी दुर्बीण उघड्यावर ठेवावी आणि झोपायला झाडाखाली यावं.

स्लीपिंग बॅगेच्या लेबलावर "उणे १०" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. हा आकडा कुठून आला ते पाहा. आयएसओ २३५३७ या मानकानुसार चाचणी झाली असेल तर तीन आकडे असतात : कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. आतून तापवलेला, माणसाच्या आकाराचा पुतळा बॅगेत झोपवून हे काढतात, आणि पुतळ्याच्या खाली चटई असते, हे विसरू नका. कम्फर्ट म्हणजे प्रमाण स्त्री निवांत झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे प्रमाण पुरुष अंगाचं मुटकुळं करून झोप काढू शकेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास कसेबसे काढता येतील, तेही हायपोथर्मियाचा धोका पत्करून. पुष्कळदा मोठ्या अक्षरातला आकडा हा शेवटचा असतो, आणि काही बॅगांवर मानकाचं नावच नसतं. मुलगा असो की मुलगी, आकडा कम्फर्टचाच बघा. अपेक्षित किमान तापमानापेक्षा तो ५ अंशांनी कमी असेल तर झोप लागेल.

दोन छोट्या युक्त्या. एक लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवून धातूच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि बॅगेत पायाशी ठेवा. ते ३५ अंशांपर्यंत निवताना १४६ किलोज्यूल देतं, सहा तासांच्या हिशोबानं जवळजवळ ७ वॉट. ऐकायला कमी, पण झोपलेल्या शरीराच्या दहाव्या हिश्श्याइतकं. दुसरी, झोपायच्या आधी पोटभर खा. बाजरीची भाकरी, वर गूळ-शेंगदाणे. शेगडीत सरपण नसेल तर झाकण लावून काय उपयोग? दारूनं ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून गरम वाटतं, प्रत्यक्षात उष्णता अजून वेगानं बाहेर जाते.

तुम्ही फिरायला नाही, डेटा आणायला चालला आहात, म्हणून हाताचं वेगळं सांगते. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या आसपास आलं की बारीक कामं जमेनाशी होतात. स्क्रू सुटतो, नमुन्याच्या पिशवीवरचं अक्षर वाचता येत नाही, आकडा चुकीचा लिहिला जातो आणि तो चुकलाय हे घरी आल्यावर कळतं. पातळ हातमोजे आत आणि जाड वर, म्हणजे वरचे काढून नोंद करता येते. बॉलपेनची शाई गारठली की अडते, पेन्सिल अडत नाही आणि भिजल्यावर पसरतही नाही. फोन आणि जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते. कॅमेरा किंवा उपकरण गारठ्यातून एकदम उबदार खोलीत आणलं की त्यावर दव धरतं. ते बाहेरच पिशवीत हवाबंद करा, मग आत आणा, आणि पिशवी तास-दीड तासानं उघडा.

आता ज्यात जीव जातो ते. बंद तंबूत कोळशाची शेगडी, गॅसचा स्टोव्ह, अंगार, काहीही पेटतं ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. तंबूच्या वरच्या जाळ्याही उघड्या ठेवा. ऊब जाईल म्हणून त्या बंद केल्या तर श्वासातलं पाणी कापडावर जमून तुमच्याच बॅगेवर ठिबकतं. शेकोटी बाहेर, आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी नसेल तर अजिबात नाही.

हायपोथर्मिया म्हणजे शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं. त्याला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि ८-१० अंशांची हवा एवढं पुरतं. सोबत्यावर लक्ष ठेवा : हातातून वस्तू पडतात, पाय अडखळतात, बोलणं जड होतं, चिडचिड किंवा असंबद्ध बडबड सुरू होते. कुडकुडणं ही शरीराची उष्णता तयार करायची धडपड आहे. थंडी तशीच असताना कुडकुडणं थांबलं तर "बरं झालं, सवय झाली" असं समजू नका, ती धोक्याची खूण आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली-वर थर द्या, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या, आणि दवाखाना गाठा. ज्याला हे होतंय त्याला ते स्वतःला कळत नाही, म्हणून एकट्यानं रात्रीचा कॅम्प करू नका.

पुढं-मागं तुमच्यातलं कुणी हिमालयात जाईल. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं "हिमांश" हे संशोधन केंद्र स्पितीत ४००० मीटरच्या वर आहे, २०१६ मध्ये सुरू झालेलं. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निवड झाली तर वैद्यकीय तपासणी होते, औलीला प्रशिक्षण मिळतं, ध्रुवीय कपडे सरकार देतं. एम.एस्सी.च्या डिझर्टेशनसाठी गौताळ्यात जाणाऱ्याला मात्र यातलं कुणी काही देत नाही, आणि विचारतही नाही. उंचीवर जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की विरळ हवेचा त्रास कपड्यांनी थांबत नाही. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नसते.

निघायच्या आठवडाभर आधी एक चाचणी करा. जे सामान नेणार तेच घेऊन एक रात्र घराबाहेर झोपा. आमच्या भागात गच्ची सोयीची, पण स्लॅब दिवसभर तापलेला असतो म्हणून निकाल थोडा खुशामत करणारा येतो. गावाकडे शेत असेल तर उत्तम. उशाशी थर्मामीटर, वही आणि पेन्सिल ठेवा. जाग आली की वेळ, तापमान आणि गार कुठं लागतंय ते लिहा. पाठ गार असेल तर चटई वाढवायची. पाय गार असतील तर मोजे सैल आणि कोरडे हवेत, जाड आणि घट्ट नकोत. खांदे गार असतील तर बॅगेचं तोंड आवळून गळ्याभोवती मफलर भरायचा. सगळंच गार असेल आणि थर्मामीटर १२ च्या वर दाखवत असेल तर ती बॅग परत करायला दुकानात जायचं, आणि पावती जपून ठेवलेली असली पाहिजे.